भुताची साक्ष : एका चिनी शोधकथेचे वाचन

गेल्या पावसाळ्यात घोलवडकडील एक बागाईतदार गृहस्थ मला भेटावयास शाळेत आले. हातात त्यांच्या चिरंजीवांची वही होती. तिच्या एका पानावर थडगे, त्यावर तरंगणारी धुरासारखी आकृती, शेजारी मुकुट घातलेला यमराजा आणि खाली ठळक अक्षरांत 'भूत खरे बोलले काय?' असा प्रश्न. "गुरुजी, नववीच्या मुलांना आपण हेच शिकविता काय?" असे त्यांनी विचारले. बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आणि ती काळजी मला रास्तच वाटली. तासाची घंटा झाली असल्यामुळे मी उभ्याउभ्या काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते. ते पुरे करावे, आणि ज्यांनी विचारले नाही परंतु ज्यांच्या मनात हाच प्रश्न आला असेल त्या पालकांनाही सांगावे, म्हणून हा लेख.

वाचनाच्या तासाला आम्ही घेतलेले पुस्तक म्हणजे 'दी गुंग आन', अर्थात न्यायाधीश दी याने उलगडलेली प्रकरणे. मूळ चिनी कादंबरी अठराव्या शतकातील असून तिच्या कर्त्याने आपले नाव दिलेले नाही. तिची एक प्रत तोक्यो शहरातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात रॉबर्ट व्हॅन गुलिक या डच विद्वानास मिळाली. त्याने पहिल्या तीस प्रकरणांचे इंग्रजी भाषांतर करून ते 1949 साली तोक्योतच स्वतः छापवून घेतले. आमच्याजवळ प्रत एकच. म्हणून मी इंग्रजीतून वाचावे, मराठीत सांगावे आणि मुलांनी टिपणे घ्यावीत, असा क्रम ठेवला होता. बाहेर पाऊस कौलांवर असा कोसळत असे की शेवटच्या बाकावरील मुलांना पुढे येऊन जमिनीवर बसावे लागे. कथा ऐकण्यास ही बैठक उत्तमच.

या व्हॅन गुलिकविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो 1910 साली हॉलंडमध्ये जन्मला, बालपण जावा बेटात गेले, व्यवसायाने तो राजदूतांच्या कचेरीतला अधिकारी आणि आवडीने पंडित. चिनी व जपानी भाषांप्रमाणेच त्याने संस्कृताचाही अभ्यास केला होता. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'चे त्याने डच भाषांतर केले, ते 1932 साली प्रसिद्ध झाले. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध हयग्रीव या देवतेवर आहे. पुढे काही काळ तो दिल्लीच्या डच वकिलातीत होता. आणि चीन-जपानात संस्कृत विद्या कशी पोचली याविषयीचा त्याचा 'सिद्धम्' हा ग्रंथ 1956 साली आपल्या नागपुराहून निघाला. हे कळल्यावर वर्गाला पुस्तक एकदम जवळचे वाटू लागले. नागपूर डहाणूपासून किती दूर आहे हे भूगोलाच्या तासाला ज्यांना सांगता येत नाही, त्यांनाही त्या दिवशी नागपूर शेजारचे वाटले!

कथानायक दी हा कल्पित पुरुष नव्हे. दी रेनजिए नावाचा मुत्सद्दी इसवी सन 630 मध्ये जन्मला व 700 मध्ये वारला. थांग घराण्याच्या अमदानीत तो मंत्रिपदापर्यंत चढला. विद्यार्थ्यांनी हा काळ ध्यानात धरण्यास एक सोपा खुंटा आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तो 641 च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्या वेळी दी अकरा वर्षांचा पोर असला पाहिजे. कादंबरीकाराने मात्र त्याच्या मृत्यूनंतर हजार वर्षांनी लिहिताना आपल्याच काळचे रीतिरिवाज त्याच्या भोवती मांडले आहेत; आपल्या नाटककारांनी पौराणिक राजांना पेशवाई पोशाख चढवावा तसेच ते.

कथेत दी हा छांग-पिंग नावाच्या जिल्ह्याचा अधिकारी आहे. त्या काळचा चिनी जिल्हाधिकारी म्हणजे मामलेदार, फौजदार आणि न्यायाधीश हे तिघेही एकाच खुर्चीत. सारा त्यानेच वसूल करावयाचा, चोर त्यानेच पकडावयाचा आणि शिक्षाही त्यानेच सांगावयाची. लोक त्याला 'मायबाप अधिकारी' म्हणत. वकील नाहीत. साहाय्यक म्हणावे तर एक वृद्ध विश्वासू हवालदार हूंग, आणि मा जूंग व च्याओ ताय हे पूर्वी वाटमारी करणारे दोन धट्टेकट्टे गडी. आमच्या वर्गाचा सर्वांत आवडता कोण, हे सांगावयास नको. मा जूंगच्या नावाने मधल्या सुटीत पुष्कळ दिवस लढाया चालल्या.

तीन प्रकरणे एकमेकांत गुंफलेली आहेत. एक सराईबाहेर पहाटे झालेल्या दोन खुनांचे. ते धावपळीचे व चुरशीचे आहे, परंतु आपल्या विषयाशी त्याचा संबंध थोडा. ज्यांना कथा स्वतः वाचून चकित व्हावयाचे असेल त्यांनी यापुढील तीन-चार परिच्छेद गाळावेत. रहस्य सांगितल्यावाचून मला माझे म्हणणे मांडता येत नाही.

दुसरे प्रकरण विषाने मेलेल्या नववधूचे. लग्नाच्या रात्री चहा पिऊन वधू मरण पावते. एका टवाळ विद्यार्थ्याने त्या दिवशी मेजवानीत वराची थट्टा करताना, तीन दिवसांत तुला कळेल, अशा अर्थाचे काही शब्द काढले होते. झाले! साऱ्या गावाने त्यालाच खुनी ठरविले. त्याची चाल वाईट, तोंड वाईट, आणि धमकी तर सर्वांनी कानांनी ऐकलेली. दी मात्र चहाचे पाणी कोठे तापविले ते विचारतो. स्वयंपाकघर जुने, आढे कुजलेले. येथपर्यंत कथा आली असताना तलासरीकडील एका मुलाने बसल्या जागेवरून सांगून टाकले, "गुरुजी, छपरात साप असेल." आणि साप होताच. चुलीची वाफ वर गेली की तो उबेला येई व त्याच्या तोंडातील विष खाली पाण्यात ठिबके. ज्याचे घर कुडाचे व पेंढ्याने शाकारलेले आहे त्याला जे क्षणात कळले, ते डहाणू बाजारपेठेतल्या सिमेंटच्या घरांतील मुलांना सुचले नाही. येथे शास्त्राच्या दृष्टीने एक दुरुस्ती केली पाहिजे. सापाचे विष रक्तात भिनले तर घात करते. पोटात गेलेले बहुधा तसे करीत नाही, आणि उकळत्या पाण्यात तर त्याची शक्ती नष्ट होते. तेव्हा प्रत्यक्षात ती वधू वाचली असती. परंतु या प्रकरणात भूत कोठेही नाही, तरी एक निरपराध मनुष्य सुळाच्या पायरीपर्यंत गेला, हे मुलांनी टिपून ठेवले. त्याला तेथवर नेणारे भूत नव्हते, शेजारीपाजारीच होते.

आता तिसरे प्रकरण, ज्यासाठी हे पुस्तक मी निवडले. दी वैद्याच्या वेशात एका खेड्यात बसला असताना एक म्हातारी औषधासाठी येते. बोलता बोलता तिचे दुःख बाहेर पडते. तिचा मुलगा, एक लहान दुकानदार, गेल्या वर्षी सणाच्या दिवशी रात्री अचानक मेला. सून घरात कोणास येऊ देत नाही. आणि नात, जी पूर्वी चुरुचुरु बोलत असे, ती मुकी झाली आहे. दी म्हातारीबरोबर तिच्या घरी जातो, तर सून त्याला दारातच फैलावर घेते. यापुढे तो स्मशानात जातो, त्या दुकानदाराच्या थडग्यापाशी उभा राहतो, आणि तुझ्यावर खरोखरच अन्याय झाला असेल तर खूण दे, अशी मृतात्म्यास विनंती करतो. तेव्हा वारा उठतो आणि थडग्याभोवती काळोखी सावलीसारखे काही हलते.

येथे मी पुस्तक मिटले आणि वर्गास विचारले, "आता दीने काय करावे?" जवळजवळ सर्वांचे मत पडले की बाईस पकडावे. भुतानेच सांगितल्यावर आणखी काय पाहिजे?

चिनी कायद्याला मात्र आणखी पुष्कळ पाहिजे होते. सावलीची साक्ष न्यायालयाच्या दप्तरात लिहिता येत नव्हती. दीला प्रेत उकरून तपासावयाचे होते. आणि तेथे एक विलक्षण नियम आडवा येत होता. चीनमध्ये पूर्वजांचे थडगे ही अतिशय पवित्र वस्तू. अधिकाऱ्याने ते उकरविले आणि आत खुनाची खूण सापडली नाही, तर तो अधिकारीच शिक्षेस पात्र. हे पुरते जाणून दी आज्ञा देतो. साऱ्या गावादेखत प्रेत बाहेर निघते, परीक्षक डोक्यापासून पायापर्यंत ते तपासतो, आणि त्याला जखम नाही, विषाची खूण नाही, काहीही सापडत नाही. वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरली तशी मी परीक्षेच्या दिवशीही अनुभवलेली नाही.

वाचकहो, माझ्या मते या कादंबरीचा गाभा याच पानात आहे. भूत आहे की नाही हा वाद कथाकाराने केलेलाच नाही. त्याच्या काळी बहुतेक लोक भूत मानीतच होते. त्याने एवढेच ठरविले की परलोकाने फार तर फिर्याद दाखल करावी. शाबीत करण्याचे ओझे जिवंत माणसावर, आणि ते ओझे उचलताना जो चुकेल त्याने चुकीची किंमत स्वतः भरावी. सावलीवर विश्वास ठेवणारा दीच त्या विश्वासाबद्दल आपली नोकरी व मान पणास लावतो. पुढे तो छंग-हुआंग देवाच्या मंदिरात रात्री निजतो व त्याला स्वप्न पडते, तेही कोड्यासारखे. त्याचा अर्थ लागतो तो माणसांनी गावोगाव हिंडून पुरावा गोळा केल्यावरच, आधी नव्हे.

छंग-हुआंग हा शब्द मुलांना फार आवडला. त्याचा अर्थ 'तट आणि खंदक'. प्रत्येक चिनी शहराचा एक सीमारक्षक देव असे, आणि मनुष्यांचा कारभार जसा जिल्हाधिकारी पाही तसा त्या शहरच्या आत्म्यांचा कारभार हा देव पाही. शिवेवर वाघदेव उभा केलेल्या पाड्यांतून जी मुले येतात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. यमराजाचे तर विचारूच नका. बौद्ध धर्माबरोबर आपला यम हिमालयापलीकडे गेला आणि चीनमध्ये 'यान्-लुओ' झाला. चिनी लोक कचेरीचे मोठे भक्त. त्यांनी त्याला एकट्यास काम उरकणार नाही असे जाणून नरकात दहा न्यायालये, दहा राजे, कारकून, शिपाई आणि नोंदवह्या असा सारा खातेनिहाय बंदोबस्त केला. आमचा चित्रगुप्त तेथे एकटा पडला नसता! सुंग राजवटीतील बाओ झंग (999 ते 1062) हा करड्या न्यायाबद्दल प्रसिद्ध असलेला खरा अधिकारी. लोकांनी त्याच्याविषयी अशी समजूत करून घेतली की तो दिवसा जिवंतांचा न्याय करी आणि रात्री यमाच्या आसनावर बसून मृतांचा. पृथ्वीवर न्याय दुर्मिळ झाला म्हणजे लोक तो पाताळात शोधतात, असे मला यावरून वाटते.

त्याच सुंग काळात, 1247 साली, सुंग त्झू नावाच्या अधिकाऱ्याने प्रेतपरीक्षेवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक हकीकत मी कथेच्या मध्येच सांगितली, कारण ती याच प्रश्नाचे दुसरे टोक आहे. रस्त्याकडेला एक मनुष्य मेलेला सापडला, घाव विळ्याचे. अधिकाऱ्याने परिसरातील सर्वांचे विळे मागवून भर उन्हात जमिनीवर ओळीने ठेवविले. थोड्याच वेळात एका विळ्यावर माशा घोंघावू लागल्या. धुतला तरी रक्ताचा वास राहिला होता. मालकाने गुन्हा कबूल केला. भाताच्या कापणीला विळा कोणाच्या घरी नसतो? आमच्या वसतिगृहाच्या मुलांनी रविवारी कोळंबी साफ केलेला विळा धुऊन हा प्रयोग करून पाहिला, असे मागाहून कळले. निकाल मला सांगितला गेला नाही. विळ्याची पुष्कळ चौकशी मात्र स्वयंपाकीणबाईंकडून झाली.

असो. दीच्या प्रकरणाचा शेवट असा. शेजारच्या घरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याशी त्या सुनेचे सूत होते. दोन्ही घरांमध्ये जाणारी गुप्त वाट सापडते. मुलीने एकदा त्या माणसास पाहिले, म्हणून तिची वाचा औषध देऊन घालविलेली. आणि नवऱ्याचा प्राण घेतला तो माथ्यात, केसांच्या आड, ठोकलेल्या बारीक अणकुचीदार लोखंडाने. परीक्षकाची दृष्टी नेमकी तेथेच पोचली नव्हती. पण बाई काही केल्या कबूल होत नाही. तेव्हा दी रात्री आपल्या कचेरीचा नरक करवितो. अंधूक दिवे, धूर, मुखवटे घातलेले शिपाई, आणि उच्चासनावर स्वतः दी, यमाच्या दरबारातील न्यायाधीशाच्या वेषात. आपण मरून परलोकी आलो असे वाटून ती सारे सांगून टाकते.

हा प्रसंग मुलांना अतिशय रंजक वाटला, आणि मला थोडा त्रासदायक. जुन्या चिनी कायद्यात आरोपीच्या कबुलीवाचून शिक्षा देता येत नसे. त्यामुळे कबुली मिळविण्यासाठी यातना देण्याची मुभा होती, आणि दीही त्या बाईस भर न्यायालयात यातना देववितो. तेथे तो आपला आदर्श होऊ शकत नाही. यातनांखाली मनुष्य जे खरे तेच बोलेल याची हमी कोण देणार? ते थांबावे म्हणून तो काहीही बोलेल. वर्गात यावर दोन तास वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, नरकाचे सोंगही एक प्रकारची यातनाच. भित्र्या पण निरपराध बाईनेही तेथे काहीतरी कबूल केले असते. दुसऱ्या पक्षातील एका मुलीने असे उत्तर दिले की निरपराध बाईस माथ्यातल्या लोखंडाची माहिती कोठून असणार? कबुलीत अशी एक गोष्ट होती जी जाऊन डोळ्यांनी पाहता येत होती. मी दोन्ही बाजूंस गुण दिले. परंतु खरे सांगावयाचे तर त्या मुलीच्या उत्तराने माझे समाधान झाले.

आपल्याकडे निराळे काही होत असे, अशा भ्रमात कोणी राहू नये. आपल्या धर्मशास्त्रकारांनी लेख, साक्षी आणि भोगवटा ही मानवी प्रमाणे आधी सांगितली, आणि त्यांपैकी काहीच नसेल तर दिव्य सांगितले. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत रवादिव्य होत असे. तापलेल्या तेलातून वा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हात गुंडाळून मोहोर करावयाची, आणि काही दिवसांनी फोड आले की नाही ते पाहून निकाल द्यावयाचा. तेथे देवाकडे फिर्याद नव्हती, निकालच मागितला जात होता. युरोपाने तर सोळाव्या-सतराव्या शतकांत चेटकीण म्हणून हजारो स्त्रियांना जाळले, तेही न्यायाधीशांच्या सहीशिक्क्यानिशी.

आणि आता आपल्या अंगणातील गोष्ट. डहाणू-तलासरी भागात भगताला मान आहे. तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. झाडपाल्याची माहिती, देवकार्याचे विधी, जुन्या कथा यांचा तो चालता-बोलता संग्रह असतो, आणि दवाखाना दूर असे तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी तोच बसत आला आहे. परंतु कोणी आजारी पडला, गुरे मेली, की सुपात तांदळाचे दाणे टाकून कारण 'पाहण्याची' रीतही आहे. आणि कधी कधी त्या दाण्यांतून एका बाईचे नाव निघते. ती 'भुताळी' ठरते. के. जे. सावे यांनी वारली लोकांविषयी 1945 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या समजुतीची नोंद आहे. अशा बाईवर बहिष्कार पडतो, कधी तिला मार बसतो, कधी गाव सोडावे लागते. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षे झटले तो हाच कायदा, आणि त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्याच्या 20 तारखेला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर तो अमलात आला. एखाद्या व्यक्तीस करणी करणारी ठरवून तिला त्रास देणे हा आज गुन्हा आहे. हे पालकांस ठाऊक असणे अवश्य आहे, आणि ठाऊक असलेले पुष्कळ आहेत, हेही मी जाणतो.

तेव्हा मुलांना भुताच्या गोष्टी वाचू द्याव्यात की नाही? मी तर म्हणतो, अवश्य वाचू द्याव्यात. फक्त हातात पेन्सिल असावी. मराठीत या वाङ्मयाची काही वाण नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळापहाड यांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्या पिढ्यांतले शिक्षकच (मीही त्यांपैकी एक) चोरून वाचलेल्या पुस्तकांच्या आठवणींसह सांगतील. नारायण धारप (1925 ते 2008) यांचे समर्थ हे तर दीचे मराठी भाईबंदच. अमानवी संकटाचा शोध घेणारे आणि त्याचे निवारण करणारे. परंतु दोघांत एक भेद आहे व तो विद्यार्थ्यांनी शोधण्यासारखा आहे. समर्थांच्या कथेत शत्रूच अमानवी असतो, म्हणून उपायही त्याच जगातला. दीच्या कथेत गुन्हेगार नेहमी मनुष्य असतो. व्हॅन गुलिकने पुढे दीवर स्वतःच्या कादंबऱ्या रचल्या, 'पछाडलेला मठ' या अर्थाच्या नावाची 1961 ची कादंबरी त्यांपैकीच. तो 1967 मध्ये वारला तोपर्यंत हा लेखनक्रम चालला. त्या कादंबऱ्यांत भुताटकीचा उलगडा बहुधा मानवी कारणांनी होतो, आणि तरी शेवटी एखादा धागा सुटा राहतो. मुलांना तो सुटा धागाच फार आवडतो. आवडू द्यावा.

पेन्सिलीचे काम कोणते ते सांगतो. घोलवडच्या गृहस्थांनी पाहिलेले पान त्याचेच होते. प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखावयाचे. पहिल्यात, भूत, स्वप्न, देव किंवा गावकरी काय म्हणाले. दुसऱ्यात, डोळ्यांनी काय दिसले, हातांनी काय सापडले, जे आपणही जाऊन पाहू शकलो असतो. तिसऱ्यात, सांगणारा चुकला असता तर त्याचे काय झाले असते. नववधूच्या प्रकरणात पहिला रकाना गच्च भरतो आणि तिसरा कोरा राहतो, कारण टवाळ विद्यार्थ्यावर बोट दाखविणाऱ्या गावकऱ्यांना कोणीच जाब विचारणार नव्हते. थडग्याच्या प्रकरणात तिसऱ्या रकान्यात दीचे स्वतःचे नाव येते. हा फरक वर्गातील बहुतेक मुलांनी आपण होऊन टिपला. दोघातिघांना तो दाखवावा लागला.

एका मुलीच्या वहीत तिन्ही प्रकरणे झाल्यावर आणखी एक पान होते. मी ते नेमून दिलेले नव्हते. वर शीर्षक नाही. पहिल्या रकान्यात लिहिले होते की पाड्यावर पाठोपाठ दोन म्हशी मेल्या, दाणे पाहिले, आत्याचे नाव निघाले. दुसऱ्या रकान्यात: "म्हशींनी दोन दिवस चारा घेतला नव्हता. गळ्याला सूज होती. शेजारच्या पाड्यावरही तीन मेल्या, तेथे आत्या कधी गेली नव्हती. गुरांच्या डॉक्टरला कोणी बोलाविले नाही." तिसऱ्या रकान्यात एवढेच की आत्या चैत्रातील महालक्ष्मीच्या जत्रेनंतर तिच्या भावाकडे राहावयास गेली, आणि ज्यांनी नाव सांगितले त्यांचे काही झाले नाही.

मी तिला विचारले, हे पान तुझ्या वडिलांनी पाहिले आहे काय? ती म्हणाली, "त्यांनीच दुसऱ्या पाड्याच्या तीन म्हशींचे सांगितले. मी विचारले म्हणून." तिच्या व वडिलांच्या अनुमतीने, गावाचे व माणसांचे नाव गाळून, ते येथे दिले आहे. पावसाळ्याआधी गुरांना गळसुजीची लस टोचतात. ती केव्हा व कोठे मिळते हे वडिलांनी पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारले, आणि दिवस ठरला तेव्हा पाड्यावरील सर्वांच्या म्हशींची नावे-खुणा लिहिण्याचे काम त्या मुलीकडे आले. यादीत आत्याचीही एक म्हैस आहे. आत्या गेली तरी ती गोठ्यातच राहिली होती.